खडखडणारी जिप्सी आणि मूठभर रबर

(आमच्या प्रतिनिधीकडून)

गतिरोधकावरून उतरताना पुढच्या बाजूने 'धप्प' असा आवाज येणे, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरत राहावे लागणे आणि ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढली जाणे, या जुन्या जीप आणि जिप्सीच्या मालकांच्या नेहमीच्या तक्रारी आहेत. 'गाडी जुनी झाली, आता असेच चालायचे' असे म्हणून बरेच जण तिकडे काणाडोळा करतात. काही जण आधी शॉकॲब्सॉर्बर बदलतात, मग टायर बदलतात, मग व्हील अलाइनमेंटच्या दुकानाच्या चकरा मारतात. खर्च वाढत जातो आणि आवाज मात्र कायम राहतो. अशा गाड्यांमध्ये अनेकदा मूळ दोष असतो तो सस्पेन्शनमधल्या रबरी बुशांचा. मुठीत मावणारा हा भाग गाडीतील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. परंतु त्याची झीज घाटातल्या उतारावर जिवाशी येऊ शकते.

महाराष्ट्राचे आणि जीपचे नाते जुने आहे. १९४७ मध्ये मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कित्येक दशके तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत सर्वांच्या दौऱ्याला हीच गाडी उभी राहिली. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. प्रारंभी ९७० सीसीचे, तर १९९६ पासून 'जिप्सी किंग'मध्ये १२९८ सीसीचे इंजिन तिला मिळाले. २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. तरीही ताडोबाच्या जंगलवाटांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या उघड्या जिप्सी असोत, की लष्कराच्या लिलावातून खरेदी करून सजवलेल्या शहरी हौशी मंडळींच्या गाड्या, जिप्सी रस्त्यावरून हटलेली नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व नूतनीकरणापूर्वी गाडीची तपासणी होते. त्यामुळे जुनी गाडी बाळगायची, तर तिच्या खालच्या अंगाकडे पाहणे भागच आहे.

बुश म्हणजे नेमके काय?

दोन लोखंडी भाग एकमेकांना जोडलेले असावेत, त्यांना थोडे हलता यावे, पण लोखंड लोखंडावर घासू नये, यासाठी मध्ये जो गोल तुकडा बसवतात तो बुश. बहुतेक बुशांमध्ये आत एक पोलादी नळी असते, तिच्याभोवती रबर आणि काही प्रकारांत रबराबाहेर आणखी एक नळी असते. बोल्ट आतल्या नळीतून जातो आणि घट्ट आवळल्यावर ती नळी जागीच जखडली जाते. म्हणजे चाक वरखाली होते तेव्हा बोल्टभोवती काहीही फिरत नाही. रबरच पिळले जाते आणि पुन्हा मूळ जागी येते. गॅरेजच्या भाषेत 'सायलेंट ब्लॉक' म्हणतात तो हाच प्रकार. त्याला वंगण लागत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण बुश बदलताना होणारी सर्वांत महागडी चूक याच तत्त्वाच्या विसरण्यातून होते. तिचा उल्लेख पुढे येईलच.

अगदी जुन्या विलीज घराण्यातील जीपमध्ये मात्र रबर नव्हते. तेथे 'यू' आकाराच्या शॅकलला आटे असत आणि ती आट्यांच्याच पोलादी बुशात फिरे. दर काही दिवसांनी ग्रीसगनने ग्रीस भरणे आवश्यक असे. या शॅकलपैकी काहींचे आटे उलटे असतात. ते ठाऊक नसलेला कारागीर बळ लावून शॅकलच पिळून टाकतो. अशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी पाना लावण्यापूर्वी आट्यांची दिशा पाहावी.

पाट्यांच्या गाडीत एवढे महत्त्व का?

आजच्या मोटारीत स्प्रिंग भार उचलते आणि चाकाला जागेवर ठेवण्याचे काम स्वतंत्र दांड्या करतात. जिप्सीत तसे नाही. तिच्या चारही चाकांना कमानीसारखे पाटे आहेत, पुढे-मागे अखंड ॲक्सल आहे आणि हा ॲक्सल गाडीखाली नेमका कोठे असावा हे पाटेच ठरवतात. भार, ब्रेकचा धक्का, इंजिनाचा रेटा, वळणावरचा आडवा ताण, सारे काही पाट्याच्या दोन टोकांतून चॅसीत उतरते. त्या दोन टोकांवर बसलेले असतात बुश.

प्रत्येक पाट्याचे एक टोक चॅसीच्या कंसाला थेट जोडलेले असते. दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या जोडपट्टीला लटकते, कारण कमान दबली की पाटा लांबतो आणि त्या लांबीला सरकायला जागा हवी. शॅकलचा वरचा सांधा चॅसीत असतो. म्हणजे एका पाट्यामागे तीन आणि चार पाट्यांमागे बारा सांधे झाले. शॉकॲब्सॉर्बरच्या वरखालच्या टोकांचे बुश धरले, तर ही संख्या वीसवर जाते.

हे बारा सांधे सारखे महत्त्वाचे नाहीत, हे सहसा कोणी सांगत नाही. स्थिर टोकाचा बुश, म्हणजे जेथे शॅकल नाही तो, ॲक्सलची पुढची-मागची जागा ठरवतो. तो डाव्या बाजूला झिजला की ब्रेक दाबताच डावे चाक किंचित मागे सरकते, उजवे जागेवर राहते आणि ॲक्सल तिरपा होतो. गाडी एका अंगाला ओढली जाते ती यामुळे. मागच्या ॲक्सलचे असे झाले, तर मागची चाकेच गाडीला वळवू लागतात. चालकाला वाटते स्टिअरिंग सैल झाले आहे. प्रत्यक्षात स्टिअरिंग ठीक असते आणि गाडीचा मागचा भाग 'पोहत' असतो.

शॅकलकडचे बुश झिजले, तर आडवी हालचाल वाढते. स्टिअरिंग बॉक्स चॅसीवर बसलेला आणि चाके ॲक्सलवर, अशी ही रचना आहे. दोघांना जोडणारी दांडी मध्ये आहे. ॲक्सल आडवा सरकला की चालकाने स्टिअरिंग न हलवताही चाके थोडी वळतात. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या वळणांवर एका बाजूला दरी असताना गाडीने स्वतःहून घेतलेले हे 'मत' किती महाग पडू शकते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

रबर का खराब होते?

वय हे पहिले कारण. हवेतील ओझोन, उष्णता आणि सततचा पीळ यांनी रबर कडक होते, त्याला भेगा पडतात आणि शेवटी ते नळीपासून सुटते. धावलेल्या किलोमीटरवरून याचा अंदाज बांधता येत नाही. वर्षानुवर्षे अंगणात उभ्या असलेल्या गाडीचेही रबर म्हातारे होते. कोकण किनाऱ्यावर खारी हवा त्यात भर घालते. तेथे रबराआधी बोल्ट आणि नळी गंजतात आणि सुजलेला गंज रबर आतून फाडतो.

दुसरे कारण आपण हौसेने विकत घेतो. पावसाळ्याच्या तोंडावर गाडी धुवून तिच्या खालच्या अंगाला डिझेल आणि जळके ऑइल यांचे मिश्रण फवारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पत्रा गंजत नाही, पाटे कुरकुरत नाहीत, असे त्याचे समर्थन केले जाते. नैसर्गिक रबर मात्र खनिज तेलाने फुगते, मऊ पडते आणि भुसभुशीत होते. पाट्यांची कुरकूर चार दिवस थांबते आणि बारा बुशांचे आयुष्य घटते. हा व्यवहार तोट्याचा आहे. गंज टाळायचा असेल, तर पत्र्यावर योग्य लेप द्यावा आणि रबरी भाग झाकून घ्यावेत.

निदान : अंदाजाने नव्हे, डोळ्यांनी

गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर भार असताना उभी करावी. एकाने इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे, झटके देत हलवावे आणि दुसऱ्याने बाजूने, चाकाखाली हात-पाय न घालता, पाट्यांच्या टोकांकडे पाहावे. बुश चांगला असेल, तर पाटा आणि कंस एकत्र हलताना दिसतात. झिजलेला असेल, तर पाट्याचे टोक कंसात आडवे सरकते. बऱ्याचदा 'टक' असा आवाजही येतो.

त्यानंतर पहारीचे किंवा टॉमीचे टोक पाटा आणि कंस यांच्यामध्ये घालून हलका दाब द्यावा. रबर असल्यामुळे थोडी लवचीक हालचाल होणारच. ती मऊपणे होऊन परत येत असेल, तर काळजी नाही. मोकळी, खुळखुळणारी हालचाल असेल, तर बुश गेला. पृष्ठभागावर दिसणाऱ्या बारीक भेगा पाहून लगेच घाबरण्याचे कारण नाही. आतली नळी मध्यभागातून एका बाजूला सरकलेली दिसणे, रबराचा भुगा बाहेर येणे किंवा बोल्टभोवती तांबूस गंजाची पूड साचणे ही खरी लक्षणे होत. शॅकलच्या दोन पट्ट्या एका बाजूला कललेल्या दिसल्या, तरी संशय घ्यावा.

येथे एक इशारा दिला पाहिजे. सगळ्या दोषांचे खापर बुशांवर फोडता येत नाही. विशिष्ट वेगाला स्टिअरिंग जोराने थरथरत असेल, तर जिप्सीसारख्या अखंड ॲक्सलच्या गाडीत किंगपिनचे बेअरिंग, व्हील बेअरिंग, टाय रॉडचे सांधे आणि चाकांचे संतुलन हेही तितकेच संशयित असतात. चाक जमिनीवरून उचलून वर आणि खाली धरून हलवावे. तेथे खेळ लागला, तर आधी तो काढावा. नुसते बुश बदलून थरथर थांबली नाही, म्हणून कारागिराला दोष देणाऱ्या ग्राहकांची संख्या कमी नसते.

रबर, पॉलीयुरेथेन की नायलॉन?

नवीन बुश घेताना दुकानदार तीन पर्याय समोर ठेवतो. पहिला मूळ पद्धतीचा रबरी बुश. तो आवाज आणि धक्का सर्वाधिक शोषतो, सर्व दिशांना थोडा लवतो आणि देखभाल मागत नाही. दुसरा पॉलीयुरेथेनचा, लाल किंवा पिवळ्या रंगाचा, दिसायला आकर्षक. तो कडक असतो, तेलाला दाद देत नाही, स्टिअरिंग नेमके वाटू लागते. मात्र तो नळीला चिकटलेला नसतो, नळीभोवती फिरतो; त्यामुळे बसवताना त्यासोबत येणारे सिलिकॉनयुक्त ग्रीस लावावेच लागते आणि धूळ-चिखल आत गेला की तो कुरकुरू लागतो. खडकाळ वाटेवर एक चाक वर आणि एक खाली जाते, तेव्हा पाट्याला पीळ बसतो. कडक बुश त्या पिळाला विरोध करतो. शहर आणि महामार्गावर ९० टक्के वेळ जाणाऱ्या गाडीला, आमच्या मते, चांगल्या प्रतीचे रबरच योग्य.

तिसरा पर्याय म्हणजे लेथवर कातून घेतलेला नायलॉनचा बुश. 'पुन्हा बदलावा लागणार नाही' या हमीवर तो विकला जातो. त्यात लवचीकपणा जवळजवळ नाही. जो धक्का रबराने गिळायचा, तो थेट कंसाला आणि चॅसीला बसतो. बुश टिकतो हे खरे. कंसाच्या वेल्डिंगला भेग पडते. वेल्डिंगच्या त्या खर्चात रबराचे अनेक संच येतात.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला आणि दिल्लीत काश्मिरी गेट या बाजारांत जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. कुर्ल्यासारख्या ठिकाणी उतरवलेल्या गाड्यांचेही भाग असतात. जुना शॅकल किंवा कंस तेथून घेणे समजू शकते. जुना रबरी बुश कधीही घेऊ नये. नवीन घेतानाही नखाने दाबून पाहावे. रबर दुकानाच्या फळीवरही वाळते. कडक झालेला, पांढुरकी झाक आलेला किंवा कडेला बारीक चिरा असलेला 'नवा' बुश हा जुनाच असतो. बोल्ट आणि नट त्याच वेळी नवे घ्यावेत. झिजलेल्या बोल्टवर नवा बुश बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

प्रत्यक्ष काम

काम सुरू करण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून सर्व नट-बोल्टवर गंज सोडवणारे तेल थोडे थोडे लावावे. येथे ते रबराला लागले तरी बिघडत नाही, कारण ते रबर जाणारच आहे.

गाडी उचलण्याबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. जमीन पक्की आणि सपाट हवी, जे ॲक्सल उचलायचे नाही त्याच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत आणि गाडी जॅकवर नव्हे, तर चॅसीखाली लावलेल्या भक्कम स्टँडवर टेकलेली हवी. विटा, दगड किंवा लाकडाचे ओंडके यांचा आधार घेऊन गाडीखाली झोपणे हा जुगार आहे. फोर बाय फोरबाबत आणखी एक गोष्ट विसरू नये. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. एक मागचे चाक उचलले की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी घरंगळू शकते. तेथे केवळ ठोकळेच उपयोगी पडतात.

चॅसी स्टँडवर टेकवल्यावर ॲक्सलखाली दुसरा जॅक लावून पाट्यावरचा ताण हलका करावा. पाटा पूर्ण लोंबकळत असेल किंवा पूर्ण दबलेला असेल, तर बोल्ट ताणात अडकून राहतो. ॲक्सल इंचभर वर-खाली करत गेले की एका ठिकाणी तो सहज सुटतो. एका वेळी एकाच कोपऱ्याचे काम करावे. चारही पाटे एकदम सोडले, तर ॲक्सल जागेवर आणताना दमछाक होते.

सर्वाधिक वेळ जातो तो गंजून नळीत रुतलेल्या बोल्टवर. गॅसच्या ज्वालेने तापवून तो काढण्याची पद्धत आहे. परंतु जळत्या रबराचा धूर विषारी असतो आणि जवळून ब्रेकचे तेल वाहून नेणाऱ्या नळ्या, तसेच मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी असते. त्यापेक्षा बुशच्या दोन्ही बाजूंनी हॅक्सॉने बोल्ट कापून काढणे अधिक शहाणपणाचे. हात दुखतात, वेळ लागतो, पण आग लागत नाही.

जुना बुश निघाल्यावर पाट्याच्या डोळ्याची आतली बाजू पॉलिश पेपरने घासून गंजमुक्त करावी. डोळा अंडाकृती झाला असेल किंवा शॅकलच्या पट्टीचे छिद्र लांबट झाले असेल, तर तो भागही बदलावा लागेल. जिप्सीत बऱ्याच सांध्यांवर कडा असलेले दोन अर्धे बुश दोन बाजूंनी सरकवले जातात. ते हातानेही बसतात. बाहेरून पोलादी नळी असलेला प्रकार मात्र दाबून बसवावा लागतो. प्रेस नसेल, तर लांब बोल्ट, जाड वॉशर आणि योग्य व्यासाचा पाइपाचा तुकडा यांच्या मदतीने नट आवळत तो सरळ आत ओढून घेता येतो. दाब नेहमी बाहेरच्या नळीवर द्यावा. आतल्या नळीवर हातोडा मारला, तर रबर गाडी सुरू होण्यापूर्वीच सुटते. सहज सरकावे म्हणून साबणाचे पाणी वापरावे. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको.

आणि आता ती महागडी चूक. बोल्ट आत सरकवल्यावर, गाडी हवेत असतानाच तो पूर्ण आवळून टाकण्याचा मोह कारागिराला होतो, कारण हात पोहोचायला जागा असते. पण तेव्हा पाटा लोंबलेला असतो. त्याच स्थितीत नळी जखडली, तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो. उभ्या गाडीतही ते ताणलेले राहते आणि खड्ड्यांनी उरलेले काम होते. काही महिन्यांतच नवे बुश फाटल्याची जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे अनेकदा 'माल डुप्लिकेट' हे कारण नसून हे असते. म्हणून प्रथम नट फक्त टेकतील एवढेच फिरवावेत, चाके लावावीत, गाडी जमिनीवर उतरवावी, बंपरवर चार-सहा वेळा जोर देऊन ती हलवावी आणि मग चाकांवर पूर्ण भार असताना टॉर्क पान्याने, गाडीच्या कार्यशाळा पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळणी करावी. गॅरेजमध्ये काम करून घेणाऱ्यांनी निदान हा टप्पा समोर उभे राहून करवून घ्यावा.

डावा बुश बदलला, तर त्याच ॲक्सलचा उजवाही बदलावा. एका बाजूला नवे कडक रबर आणि दुसऱ्या बाजूला जुने सैल, ही जोडी गाडीला पुन्हा एका अंगाला ओढू लागते.

सफारी, पजेरोचे काय?

वर वर्णन केलेले काम थोडी अवजारे आणि संयम असलेला वाहनधारक सुटीच्या दोन दिवसांत करू शकतो. १९९८ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून आलेली टाटा सफारी किंवा मित्सुबिशी पजेरो यांच्याबाबत तसे म्हणता येणार नाही. यांच्या पुढच्या बाजूला दोन-दोन विशबोन आणि टॉर्शन बार, तर मागे कॉइल स्प्रिंग आणि दांड्या आहेत. मागच्या दांड्यांचे बुश तुलनेने सोपे. पुढे मात्र टॉर्शन बारमध्ये प्रचंड ऊर्जा पिळून साठवलेली असते. तो सोडताना हात निसटला, तर गंभीर इजा होऊ शकते. शिवाय बारची मूळ जागा खुणेने नोंदवली नाही, तर परत बसवल्यावर गाडी एका बाजूला झुकलेली राहते. विशबोनचे बुश प्रेसवरच बसवावेत आणि हे काम ज्याने पूर्वी केले आहे अशा कारागिराकडेच द्यावे.

काम झाल्यावर

सुमारे ५०० किलोमीटर धावल्यावर सर्व नट पुन्हा तपासावेत. यू बोल्टही त्यात आले. चाकांचे टो-इन तपासून घ्यावे. अखंड ॲक्सलच्या गाडीत कॅम्बर जुळवता येत नाही, त्यामुळे त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले, तर ते नेमके कशाचे, हे विचारावे. पहिले काही दिवस गाडी किंचित ताठ वाटेल आणि जुन्या, दबलेल्या बुशांच्या तुलनेत काही मिलिमीटर उंचही दिसू शकेल. इतके दिवस बुशांच्या खडखडाटात लपलेले बारीकसारीक आवाजही आता ऐकू येतील. दाराची बिजागरी, टपाच्या कापडाचा सांगाडा, सुटे झालेले स्टेपनीचे कोंडाळे यांची पाळी त्यानंतर.